बाबांच्या हातचा पाना

रविवारी शेडचं शटर अर्धंच वर होतं. वाकल्याशिवाय आत येता येत नव्हतं. दादानं ते मुद्दाम केलं होतं की नाही, देव जाणे; पण टर्नर आत आला तेव्हा तो वाकलेला होता आणि बाकी सगळे आधीच खुर्च्या अडवून बसलेले होते.

टर्नर म्हणजे घरचा जावई. लग्नाआधी एका कारखान्यात लेथवर होता. कारखाना बंद पडला, तो मेव्हण्याच्या, म्हणजे दादाच्या, शेडमध्ये जुन्या गाड्या दुरुस्त करायला लागला, पण सासुरवाडीनं ठेवलेलं नाव काही सुटलं नाही.

"या जावईबापू, या," काका म्हणाले. काकांना कुणी बोलावलं नव्हतं. पण घरात भांडण व्हायचं असलं की त्यांचे गुडघे आपोआप बरे होतात, हा सगळ्यांचा जुना अनुभव होता.

बेबी नवऱ्याच्या मागोमाग आली. "हे काय, पंचायत भरवलीय का?" तिनं हसत विचारलं. कुणी हसलं नाही. वहिनीनं तिच्याकडे न बघताच चहाचा कप पुढे केला आणि बेबीनं हसणं आवरलं. या वहिनीनं आजवर न बघता तिला साधं पाणीसुद्धा दिलं नव्हतं.

मधोमध एका गिऱ्हाइकाची, वकीलसाहेबांच्या आजोबांची, जुनी गाडी स्टँडवर चढवलेली होती, मागचं उजवं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. पलीकडे आई बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून. बेंचवर एक फडकं पसरलेलं होतं आणि त्याखाली काहीतरी होतं.

दादानं फडकं उचललं.

"हे काय आहे?"

"पाना," टर्नर म्हणाला.

"पाना आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. कुणाचा?"

"माझा."

"कुणी बनवला?"

"मीच."

"कुणाला विचारून?"

टर्नरनं उत्तर दिलं नाही. दादाला तेच हवं होतं. त्यानं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, जणू म्हणत होता, 'लक्षात ठेवा, हा गप्प बसला.'

या गाड्यांच्या मागच्या चाकाआड, आसाच्या टोकाला जो नट असतो तो साधा नसतो. गोल चकतीसारखा असतो, आणि कडेला खाचा. त्याला साधा पाना लागत नाही. वाकलेल्या पट्टीचा, टोकाला एकच दात असलेला आकडीचा पाना लागतो. दात खाचेत अडकवायचा आणि ओढायचं. तो बाजारात मिळत नाही, कारण गाडी बनवणारी कंपनीच कधीची मातीला मिळाली. म्हणून आपला पाना आपण बनवायचा. ट्रकच्या चाकावरच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, तुटका पाटा घ्यायचा, लालभडक तापवून ऐरणीवर वाकवायचा, कानशीनं दात काढायचा आणि तेलात बुडवून त्याला पाणी द्यायचं, म्हणजे कडक करायचं. बाबांनी तसाच एक बनवला होता. त्या पान्यानं घर चाललं, बेबीचं लग्न झालं. बाबा गेल्यावर दादानं तो समोर ठेवून तसाच्या तसा दुसरा बनवला, केसाचाही फरक नाही, आणि बाबांचा आईच्या कपाटात गेला. तेव्हापासून शेडचा एक नियम होता: बाबांच्या मापाबाहेरचं हत्यार या भिंतीवर लागणार नाही.

"यंदा तीन गाड्यांच्या नटांवर ओरखडे आले," दादा म्हणाला. "तिन्ही वेळा चाक यांनी खोललं होतं. वकीलसाहेबांनी परवा नखानं तो ओरखडा दाखवला मला. म्हणाले, तुमच्या वडिलांच्या वेळी असं नव्हतं हो. मी खाली बघून ऐकून घेतलं. आणि आता यांच्या पिशवीत हा सापडतो!"

"पिशवीत?" बेबी म्हणाली. "यांच्या पिशवीत हात कुणी घातला?"

वहिनीनं ट्रे छातीशी धरला.

"हात कुणी घातला ते सोड गं," काका म्हणाले. "काय निघालं ते बघ. मी तर त्याच दिवशी म्हटलं होतं, जेव्हा यांना पलीकडच्या गल्लीतल्या रिकाम्या गोदामापाशी बघितलं. मालकाशी बोलत उभे होते. गोदाम भाड्यानं द्यायचंय म्हणे. आता माणूस रिकाम्या गोदामात काय हवा खायला जातो?"

"काका, तुम्ही थांबा जरा."

"थांबलो. मला काय करायचंय? माझं आपलं पिकलं पान."

दादाचं मन आतून करपलं होतं. त्याला हे सगळं बोलायची हौस नव्हती. सहा महिने तो टर्नरच्या हाताकडे बघत होता आणि सहा महिने स्वतःलाच समजावत होता, नवा माणूस आहे, शिकेल. पण गोदाम आणि पाना एकत्र आले आणि त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. आधी आपल्या शेडचं नाव खराब करायचं. मग स्वतःची हत्यारं बनवून घ्यायची. मग पलीकडच्या गल्लीत पाटी लावायची, आणि गिऱ्हाईक आपसूक तिकडे. किती सरळ होतं! इतके दिवस आपल्याला कळलं कसं नाही, याचाच त्याला जास्त राग आला होता. ठरवून टाकलं होतं त्यानं. आज यांना शेड बंद. बेबी रडेल, रडू दे. बहीण आहे, तिला दार उघडं आहे. नवऱ्याला नाही.

"सरळ सांगतो, भावोजी," तो म्हणाला. "उद्यापासून येऊ नका."

आईनं डोळे मिटले.

"दादा," टर्नर शांतपणे म्हणाला, "ते तीन ओरखडे माझेच आहेत. पण ते या पान्याचे नाहीत. तुमच्या पान्याचे आहेत."

"काय?"

"तुमचा पाना सटकतो."

काका खुर्चीत पुढे सरकले. त्यांना इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"माझा नाही म्हणा," दादाचा आवाज चढला. "तो बाबांचा आहे. मी नुसता उतरवलाय. म्हणजे बाबांचा पाना सटकत होता, असं तुमचं म्हणणं?"

"मी बाबांना काम करताना पाहिलंसुद्धा नाही. मी पान्याबद्दल बोलतोय."

"ऐकलंस, आई?"

"ऐकते आहे," आई म्हणाली. "बहिरी नाही झाले अजून."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" काका म्हणाले. "ही गाडी, हा नट. खोलून दाखव ना!"

दादानं भिंतीवरून आपला पाना काढला. गाडीपाशी उकिडवा बसला. दात खाचेत अडकवला, डावा हात पान्याच्या डोक्यावर ठेवला, उजव्यानं दांडा धरला आणि एक लांब, सावकाश ओढ दिली. नट कुरकुरला आणि सुटला. ना आवाज, ना ओरखडा. त्यानं परत घट्ट केला. परत सोडला. मग उभा राहिला आणि टर्नरकडे वळला.

"झालं?" काका टर्नरला म्हणाले. "सटकला का? नाचता येईना अंगण वाकडं."

टर्नर त्या नटाकडे बघत राहिला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा पडला.

बेबीनं तो पडलेला चेहरा पाहिला. इतका वेळ ती नवऱ्याच्या बाजूनं उभी होती, अगदी खांद्याला खांदा लावून. आता कळत नकळत ती एक पाऊल मागे सरली. पाना तिलाही माहीत नव्हता. गोदामाचं तिलाही माहीत नव्हतं. सकाळी हा माणूस उजाडायच्या आत उठून शेडमध्ये जायचा, विचारलं तर म्हणायचा, काम साठलंय. तिनं डबा भरून दिला होता रोज! घराण्याची मुलगी म्हणून भावासमोर तिची मान ताठ होती, आणि इकडे तिच्याच घरात तिच्या नाकाखाली काय शिजत होतं, तिला पत्ता नाही?

"अहो," ती हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "खरं सांगा. जागा बघितलीत का तुम्ही?"

टर्नरनं तिच्याकडे बघितलं. मग नजर परत त्या नटाकडे वळवली.

"बघ," दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात बहिणीबद्दल कणव होती. "तुलाही सांगितलेलं नाही ना? मला वाटलंच."

वहिनीला या सगळ्याचा वीट आला होता. सुरुवात तिनंच केली होती, ते तिला गिळवत नव्हतं. शेड झाडताना पिशवी लवंडली, पाना बाहेर पडला, तिनं नवऱ्याला दाखवला. बस, इतकंच. म्हणजे, इतकंच नाही. दाखवताना 'मला यांचं काही खरं वाटत नाही हो' असंही ती म्हणाली होती. का म्हणाली? कारण आईंना जावयाचं फार कौतुक. तिच्या नवऱ्यानं उन्हातान्हात मरमर करावी, आणि आईंनी म्हणावं, जावयाचा हात काय साफ आहे! ती साधी जळली होती, दुसरं काही नाही. आता समोर बेबीचं तोंड बघून तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

बेबीकडे बघवत नव्हतं, म्हणून ती नवऱ्याकडे बघत होती. दादा विजयी मुद्रेनं फडक्याला हात पुसत होता. डाव्या हाताचा अंगठा पुसताना तो नेहमीसारखा थांबला. त्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला घट्टा होता, चामड्यासारखा, जाडजूड. लग्न झालं तेव्हा नव्हता. बाबांचा पाना उतरवल्यानंतर आला. थंडीत त्याला भेगा पडायच्या आणि मलम तिलाच लावावं लागायचं.

"अहो," ती म्हणाली. "परत एकदा खोला."

"कशाला?"

"खोला हो. पण डावा हात मागे ठेवून."

"डाव्या हाताचा काय संबंध?"

"मला काय माहीत? मी काय मेकॅनिक आहे? तुम्ही तो अंगठा पान्याच्या डोक्यावर दाबून धरता. भावोजी धरत नाहीत. मी बघितलंय त्यांना काम करताना. म्हणून म्हणते, अंगठा न लावता खोला."

"अगं, पाना असाच धरतात!"

"मग न धरता होत नाही का?"

काकांनी खुर्ची अर्धी वीत मागे घेतली. वारं बदललं की त्यांना सगळ्यात आधी कळायचं.

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" दादानं बायकोला विचारलं.

"तुमच्याच," ती म्हणाली. "म्हणूनच सांगते. आत्ता खोला. उद्या एकट्यानं खोलून बघाल आणि मग कुणाला सांगता येणार नाही."

दादा उकिडवा बसला. दात खाचेत अडकवला. डावा हात पाठीमागे नेला, एखाद्या शाळकरी मुलासारखा. उजव्या हातानं ओढलं. नट जागचा हलला नाही; दात खाचेची कड चढला आणि खटकन सुटला, दादाची बोटं स्टँडवर आपटली. नटावर नवा, चकचकीत ओरखडा उमटला होता. अगदी आधीच्या तीन ओरखड्यांसारखा.

"आई गं!" दादा बोटं झटकत म्हणाला. मग त्यानं परत लावला. परत सटकला. तिसऱ्यांदा लावायला गेला तेव्हा आई उठली.

"पुरे. त्या वकिलाच्या गाडीचा खिमा करशील." तिनं पदराखालून एक कापडी गुंडाळी काढली आणि बेंचवर ठेवली. बाबांचा पाना ती घरून निघतानाच घेऊन आली होती. "मला वाटलंच होतं, आज याची गरज लागेल. पण कुणी विचारेचना."

"म्हणजे तुला माहीत होतं?" दादा म्हणाला.

"मला पान्यातलं काय कळतं? मला अंगठ्यातलं कळतं. त्यांच्या अंगठ्याला असाच घट्टा होता. शेवटच्या वर्षी फार दुखायचा. म्हणायचे, दात एका अंगाला झिजलाय, भरून घ्यायला हवा, नाहीतर नवा करतो. आणि मग आजारी पडले."

टर्नरनं तिन्ही पाने शेजारी शेजारी ठेवले. बाबांच्या पान्याचा दात एका बाजूनं उतरता झाला होता, वर्षानुवर्षांच्या ओढीनं गुळगुळीत. दादाच्या पान्याचा दातही तसाच उतरता होता. पण तो झिजलेला नव्हता. तो कानशीनं, मन लावून, जपून तसा घासलेला होता. कानशीच्या रेघा अजून दिसत होत्या.

दादानं बोट फिरवलं. बाबांच्या दातावरून, मग स्वतःच्या. त्यानं बाबांचा पाना उतरवला नव्हता. त्यानं बाबांच्या पान्याचं म्हातारपण उतरवलं होतं. घासायला दोन संध्याकाळी लागल्या होत्या त्याला, आणि जमलं तेव्हा तो शेडमध्ये एकटाच रडला होता.

"मी तर पहिल्यापासून म्हणत होतो," काका म्हणाले, "पोराच्या हातात गुण आहे. जावयाच्या. लेथवरचा माणूस तो, दात सरळ काढणारच!"

"काका, घरी जा," आई म्हणाली, आणि काका खरंच गेले. शटरखालून वाकताना त्यांचे गुडघे परत दुखायला लागले होते.

"आणि ते गोदाम?" दादानं विचारलं. आता त्याचा आवाज खाली होता.

"तिथे ट्रकच्या कमानी पडल्यात," टर्नर म्हणाला. "तुटक्या. एक पाटा मागून आणला, पहाटे तुम्ही यायच्या आत इथेच वाकवला. तुमच्या ढिगातला घेतला असता तर तुम्ही विचारलं असतं."

"विचारलं असतं तर सांगायचं होतंत ना!"

"काय सांगू? बाबांच्या पान्यात खोट आहे? आज सांगितलं. काय झालं ते बघितलंत."

दादानं टर्नरचा पाना उचलून त्याच्यापुढे धरला. "नट तुम्हीच बसवा," तो म्हणाला. मग नजर बाजूला वळवून, "आणि उद्या लवकर या. मला माझा नवा करायचाय. दात काढायला... बसा माझ्याबरोबर."

त्या घरात माफी याच्यापुढे कधी गेली नव्हती. टर्नरला ते कळलं. त्यानं मान हलवली आणि गाडीपाशी बसला.

बेबीला मात्र ते पुरलं नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि इतका वेळ दाबून ठेवलेला संताप आता उसळून वर आला.

"उद्या या?" ती भावाला म्हणाली. "असं कसं उद्या या? चोर ठरवलंस तू यांना! पिशवी तपासलीत, काकांना बसवून पंचायत केलीत, आणि आता पाना बरोबर निघाला म्हणून उद्या या? नसता निघाला तर? वहिनी, तुझ्याकडून तर मला ही अपेक्षा नव्हती. नाही, आम्ही नाही येणार. जिथे माझ्या माणसावर भरवसा नाही, तिथे पाणीसुद्धा प्यायचं नाही मला. चला हो!"

वहिनी रडायला लागली. दादा जमिनीकडे बघत राहिला. खरं होतं ते, एकूणएक शब्द खरा होता.

टर्नरनं नट घट्ट केला, पाना काढला, फडक्यानं पुसला. मग भिंतीपाशी गेला आणि दादाच्या पान्याच्या रिकाम्या खिळ्यावर आपला पाना अडकवला.

"मी उद्या येणार आहे," तो म्हणाला.

"काय?"

"दादांशी माझं मिटलं."

"मिटलं? एवढ्यात? अहो, मी तुमच्यासाठी भांडतेय इथे!"

तो तिच्याजवळ आला. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली घेतला, पण शेडचा पत्रा सगळं ऐकवतो.

"दादांच्या शेडवर येऊन मला वर्षच झालं. त्यांना पान्याचा संशय आला, पाना दाखवला, संशय गेला. तू तर बायको आहेस. तुला काय दाखवू?"

बेबीनं पदर सावरला.

"मी एकदाच विचारलं," ती म्हणाली.

"हो. एकदाच."

"आणि तुम्ही? तुम्ही माझ्यापासून का लपवलंत? बायकोला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं," तो म्हणाला. "पण तू त्याच पावली इकडे धावत आली असतीस. 'दादा, हे बघ ना, बाबांच्या पान्याला नावं ठेवतायत.' खोटं असेल तर सांग, मी आत्ता माफी मागतो."

तिनं तोंड उघडलं. सगळे तिच्याकडे बघत होते. आई, दादा, डोळे पुसत वहिनी. एक 'नाही' म्हणायचं होतं फक्त. साधा शब्द. तिला तो म्हणता आला नाही.